डिझाईनच्या लिंका पाठवणाऱ्या ताईंना, मालवणातून

ताई, नमस्कार,

आपली कधी भेट झालेली नाही, पण तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते म्हणून हे असं उघड लिहितोय. माझं मालवणात डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे, म्हणजे होमस्टेचे बोर्ड, कोकम सरबताची लेबलं, दशावताराचे बॅनर आणि सीझन लागला की आंब्याच्या पेट्या. दिवसभर कामाच्या गडबडीत डिझाईनवर बोलायला कोणी नसतं, मोबाईलवर पोस्टरं ढिगाने येतात पण कोणी केलीत, कुठल्या फॉन्टात केलीत, काही पत्ता नसतो.

तुम्ही एकही काम बिननावाचं टाकत नाही. डिझायनरचं नाव, फॉन्ट, मूळ लिंक आणि वर दोन ओळीत तुम्हाला त्यात काय आवडलं ते. ही दोन ओळींची मेहनत किती मोठी आहे हे तुम्हाला कोणीतरी सांगायलाच हवं, कारण त्या नावावरून मी बिहान्सवर, म्हणजे डिझायनर आपली कामं मांडतात त्या वेबसाईटवर जातो आणि तिथे त्याच माणसाची कच्ची स्केचेस, बाद झालेले पर्याय, ग्रिड, सगळं बघत बसतो, कधी कधी रात्रीचे बारा वाजतात.

मुंबईच्या 'एक टाईप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि मोदक हे फॉन्ट तुमच्यामुळेच कळले. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली, धंद्यासाठी वापरले तरी पैसे लागत नाहीत, आमच्यासारख्या छोट्या दुकानांना हे केवढं मोठं आहे! मोदकची अक्षरं इतकी जाड की आतली पोकळी म्हणजे नुसती फट उरते, लांबून बघितलं तरी पेटीवरचं 'हापूस' नजरेत भरतं, मग तीन आंबे आणि पिवळा ग्रेडियंट टाकायची गरजच पडत नाही, दोन रंगांत काम होतं.

आणि तो ल आणि श चा विषय. शासनाच्या 2009 च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श दिलाय, पण बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाचाच येतो, सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट आपोआप आपलं वळण देतात आणि 'टिरो देवनागरी मराठी' ह्या फॉन्टात तर ते मुळातच आहे, हे तुम्ही उदाहरणं लावून दाखवलंत. माझ्या निम्म्या बोर्डांवर 'मालवण' असतं, म्हणजे ल रोजचाच!

सर्वात जास्त आवडलं ते सावंतवाडीचं. आजच्या आयकॉन सेटच्या शेजारी तुम्ही दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, ठेवलीत, 10 अवतार, प्रत्येकाचे 12 पत्ते, एकूण 120, मासा दिसला की मत्स्य, कासव दिसलं की कूर्म, वाचावं लागतच नाही. गंजिफा आमच्या शेजारची, लहानपणापासून माहितीची, पण आजच्या डिझाईनचा विचार तिच्यात आहे हे मला तुमच्याकडून कळलं.

आता मीही कुणाला काही पाठवलं तर नाव लिहिल्याशिवाय पाठवत नाही, आणि दुकानात कामाला असलेली मुलं नवीन काही दिसलं की आधी विचारतात, "दादा, ह्या कोणी केला?"

खूप खूप आभार, ताई. यंदाच्या पेटीचं लेबल छापून आलं की पहिला फोटो तुम्हाला पाठवतो, काय खटकलं ते बिनधास्त लिहा.

तुमचा,
मालवणचा एक डीटीपीवाला