'टेन्शन नको' म्हटल्याने पान्हा फुटत नाही

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईचं दूध का द्यावं हा आरोग्य पुरवणीतला लेख वाचला, माहिती चांगली आहे, पण 'आईने ताण घेऊ नये' एवढं एकच वाक्य लिहून विषय संपवला ते खटकलं. बाळ काचेच्या पेटीत, नाकात नळी, मॉनिटर जरा वाजला की हिच्या काळजात धस्स होतं, आणि हिने म्हणे ताण घ्यायचा नाही! ताणामुळे ऑक्सिटोसिन (दूध उतरवणारं हार्मोन) दबतं, मग दूध तयार झालेलं असूनही पटकन उतरत नाही, म्हणजे आई कमी पडते असं नाही. पंपाच्या बाटलीत सुरुवातीला तळाला चार थेंबच दिसतात, पण तो चीक असतो, तोही बाळाला फार मोलाचा, हे कोणीतरी तिला सांगायला हवं ना. दूध टिकवायचं तर दिवस-रात्र मिळून साधारण ८ वेळा काढावं लागतं, तेही ओल्या टाक्यांसकट, त्यात नातेवाईक विचारणार 'आलं का दूध?' (हा प्रश्न तेवढा बंद करा प्लीज.) जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा बाळांसाठी जन्मानंतर लगेच कांगारू केअर (बाळाला छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवणं) सुरू करा आणि रोज ८ ते २४ तास द्या असं सांगितलंय, तरी कितीतरी ठिकाणी आईला अजून भेटायच्या वेळेतच आत सोडतात. पुढच्या लेखात आईला उपदेश करण्याआधी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) तिच्यासाठी बाळाशेजारी खुर्ची का नसते ते हॉस्पिटलवाल्यांना विचारा.

– एक वाचक