शनिवारच्या वाचन-बैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता नेहमीच्या जागी आपली वाचन-बैठक आहे. विषय: कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस आणि त्यावरचं संशोधन.

हा विषय मुद्दाम घेतला आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते थेट पोलीस यंत्रणेत बसू लागले. पुढे 'सेहत' ही संशोधन संस्था आणि महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' हे मदत केंद्र उभं केलं. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईलच असं नाही, पण जखम घेऊन दवाखान्यात येते. मग तिथल्या परिचारिकेला, डॉक्टरला ती खूण ओळखता यायला हवी. अभ्यासातून निघालेला मुद्दा काम कुठे करायचं हेच ठरवतो, तो असा.

आपल्या केसेसच्या फायलींमध्येही असे मुद्दे पडून आहेत, याची मला खात्री आहे. म्हणून प्रत्येकाने हातातल्या कामातला एक अडलेला प्रश्न लिहून आणावा. उदाहरणार्थ, तडजोड करून घरी परतलेल्या बाईचा पाठपुरावा किती दिवस ठेवायचा? बैठकीसाठीचा लेख वाचून झाला नसेल तरी या, प्रश्न मात्र हवाच.

नाव, गाव, पोलीस ठाणं, मुलांची शाळा, ओळख पटेल असं काहीही कागदावर नको. फायलींचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. हे कृपया काटेकोरपणे पाळा.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवावं.

– संयोजक