पर्यटन शेअर आणि टाळेबंदीच्या घोषणा

महोदय,

टाळेबंदी लागली की पर्यटन कंपन्यांचे शेअर पडतात आणि ती उठली की चढतात, असा सरळ हिशेब बाजाराच्या बातम्यांत आजही मांडला जातो. करोनाकाळातील तारखा पाहिल्या तर तो जुळत नाही. पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली ती 24 मार्च 2020 च्या रात्री; सेन्सेक्स 3,934 अंकांनी कोसळला तो मात्र आदल्या दिवशी, राज्ये एकामागून एक बंद होत असताना. देशांतर्गत विमाने 25 मे रोजी पुन्हा उडाली, तेव्हा रमजान ईदनिमित्त बाजाराला चक्क सुटी होती; विमान कंपन्यांचे शेअर त्याआधीच्या आठवड्यात, तारीख जाहीर होताच वधारले होते.

त्या दिवशी प्रत्यक्षात उघडले तरी काय? वेळापत्रकातील सुमारे एक तृतीयांश फेऱ्या, तिकिटांच्या दरांवर सरकारी मर्यादा, आणि एरवी दिवसाला नऊशेच्या वर विमानांची ये-जा असणाऱ्या मुंबईत अवघी 25 उड्डाणे व 25 आगमने. कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या विमानांचे भाडे आणि देखभालीचा खर्च मात्र चालूच होता. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत इंडिगो या विमान कंपनीला 2,844 कोटी रुपयांचा तोटा झाला. तरीही मार्च 2020 मध्ये हजार रुपयांखाली घसरलेला तिचा शेअर वर्षभरात दीड हजारांवर गेला. माझ्या मते बाजार तेव्हा त्या तिमाहीकडे पाहतच नव्हता. गंगाजळी राखून असलेली कंपनी तगेल आणि दुबळ्या स्पर्धकांचे प्रवासीही तिच्याकडे येतील, हा त्याचा होरा होता.

याहून बोलके उदाहरण 26 नोव्हेंबर 2021 चे आहे. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे 15 डिसेंबरपासून सुरू करण्याचा आदेश त्याच दिवशी निघाला आणि त्याच दिवशी, ओमायक्रॉन या करोनाच्या नव्या प्रकाराच्या वार्तेने, सेन्सेक्स 1,687 अंकांनी घसरला. हॉटेल व विमान कंपन्यांच्या शेअरना मोठा फटका बसला. तो आदेश आठवडाभरही टिकला नाही. उड्डाणे सुरू व्हायला 27 मार्च 2022 उजाडले.

आपल्या अर्थविषयक पानावर अशा घोषणांच्या बातम्या देताना शेअर किती टक्के चढला याच्या जोडीने सेवा किती क्षमतेने आणि कोणत्या अटींवर सुरू होणार, तसेच संबंधित कंपनीकडे किती महिने पुरेल एवढी रोकड आहे, हेही छापावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे