लघवीच्या कल्चर रिपोर्टमधले ‘एस’ मोजून औषध ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी लागली, लघवीला जळजळ सुरू झाली की आपल्याकडे आधी केमिस्टकडून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या दोन-चार गोळ्या येतात (चिठ्ठीशिवाय त्या विकायला मनाई आहे, पण असो) आणि गुण आला नाही तर मग कल्चर तपासणी (लघवीतले जिवाणू वाढवून ओळखणे) होते. हा क्रमच उलटा आहे. प्रतिजैविक घेतल्यावर दिलेल्या नमुन्यात जिवाणू बरेचदा वाढत नाहीत. रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ येते आणि त्रास मात्र राहतो. नमुना पहिल्या गोळीआधी द्यावा. त्यानंतर डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केले तरी बिघडत नाही.

नमुन्यात सर्वाधिक घोळ होतो तो वेळेचा. पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी, डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये आणि ती २ तासांत प्रयोगशाळेत पोचवावी. जमणार नसेल तर लगेच फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवावी. तिथे ती २४ तास टिकते. अनुकूल स्थितीत ई. कोलाय हा लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी भरलेली डबी उकाड्यात दुपारपर्यंत पडून राहिली तर त्वचेवरून आलेले थोडे जिवाणूही मिलिलीटरला १ लाखाचा रूढ निकष ओलांडतात आणि नसलेला संसर्ग कागदावर उमटतो. कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या पिशवीतली लघवी तर मुळीच पाठवू नये. नळीवरच्या नमुना घेण्याच्या तोंडातून (पोर्ट) सिरिंजने काढावी. तीन किंवा अधिक प्रकारचे जिवाणू वाढले तर बहुधा नमुनाच दूषित असतो. त्यावर सेन्सिटिव्हिटी (कोणते औषध लागू पडते ती चाचणी) लावण्यापेक्षा नवा नमुना मागवणे बरे.

रिपोर्ट वाचतानाही गफलत होते. सेन्सिटिव्हिटीत जिवाणूंच्या थरावर औषधाच्या चकत्या ठेवतात; चकतीभोवतीचे जिवाणू न वाढलेले मोकळे वर्तुळ जितके मोठे तितके औषध चांगले, असा समज आहे. प्रत्यक्षात प्रत्येक औषधाची सीमारेषा वेगळी असते. सीएलएसआय या प्रयोगशाळांसाठी मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या निकषांनुसार ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइनला १७ मिमी पुरतात, सिप्रोफ्लॉक्सासिनला मात्र किमान २६ मिमी लागतात. म्हणजे १८ मिमीचे पहिले ‘एस’ (सेन्सिटिव्ह, लागू पडणारे) आणि २० मिमीचे दुसरे ‘आर’ (रेझिस्टंट, लागू न पडणारे)!

शिवाय ‘एस’ असले म्हणजे ते औषध त्या रुग्णाला योग्यच, असेही नाही. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरते, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेसे साठत नाही. मूत्राशयापुरत्या संसर्गाला ते उत्तम. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणे असेल तर रिपोर्ट काहीही म्हणो, ते उपयोगाचे नाही. प्रोटिअस या जिवाणूवर तर ते मुळातच चालत नाही. साधे तोंडी औषध लागू पडत असताना यादीत मेरोपेनेम या गंभीर संसर्गासाठी राखून ठेवायच्या इंजेक्शनपुढेही ‘एस’ छापलेले दिसते आणि ‘भारी’ औषधाचा मोह होतो. अशा वेळी प्रयोगशाळांनी राखीव औषधांचे निकाल मागितल्यावरच द्यावेत.

लक्षणे नसताना नुसते जिवाणू वाढले, तर गर्भवती आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण सोडून बहुतेकांना औषध लागत नाही. म्हणून सरसकट ‘चेकअप’मध्ये कल्चर करूच नये.

जिल्ह्यातील मोठ्या रुग्णालयांनी लघवीतील जिवाणूंचा अँटिबायोग्राम (कोणते औषध किती टक्के जिवाणूंवर चालते याचा तक्ता) दरवर्षी जाहीर करावा, पण ओपीडी आणि अतिदक्षता विभाग वेगळे ठेवून. दोन्हींची सरासरी दवाखान्यातल्या डॉक्टरांची दिशाभूल करते. प्रत्येक रुग्णाचा वर्षातला पहिलाच जिवाणू मोजावा आणि ३० पेक्षा कमी नमुन्यांवर टक्केवारी छापू नये. ओपीडीतही कल्चर मुख्यतः औषध लागू न पडलेल्यांचे होते, त्यामुळे प्रतिरोध आहे त्याहून जास्त दिसतो. ही तळटीप तक्त्याखाली हवीच.

आपला,
वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रातील एक वाचक, सातारा