अण्णा, तुमच्या डायरीतलं ते पान

अण्णा, नमस्कार.

मराठी तुम्ही आमच्यासारखीच बोलता, पण वाचायचं म्हटलं की हात जोडता. म्हणून हे पत्र नातीकडून वाचून घ्या. नाव लिहू नका म्हणालात, लिहीत नाही. आपल्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल.

तुमच्या आधीही आमच्या शाळेत लोक झाडं लावायला आले होते. ५ जूनचा दिवस, मोठा बॅनर, गुलमोहर आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं. मुलांना तासभर उभं केलं, रोप हातात धरून फोटो काढले आणि गाड्या निघून गेल्या. खड्डे मुलांनीच बुजवले. दिवाळीपर्यंत तिथे फक्त काळ्या पिशव्या उरल्या. बघायला कुणी फिरकलं नाही. मुलांना जंगल दाखवायला माणूस द्या म्हणून मी एका कार्यालयात गेले, तर "मराठी शाळा ना? बघू," असं उत्तर मिळालं. त्या 'बघू'ला तीन वर्षं झाली. राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

तुम्ही भेटलात ते जांबोटीच्या रस्त्यावर, बसची वाट बघताना. भीमगडच्या रानात आयुष्य गेलं म्हणालात. मी भीत भीत विचारलं. "शनिवारी येतो," म्हणालात आणि शनिवारी खरंच आलात.

त्या पहिल्या शनिवारचीच गोष्ट मला लिहायची आहे. शाळेमागच्या माळावर तुम्ही झाडं दाखवत होता. जांभूळ म्हणजे नेरळे, उंबर म्हणजे अत्ती, पळस म्हणजे मुत्तुग. मुलं दोन्ही नावं ओरडत होती. एका झाडापाशी तुम्ही थांबलात. कन्नडमध्ये कवलु, मराठी नाव तुम्हाला येईना. मलाही येईना. तेवढ्यात मागून आवाज आला, "कुंभा." गवळीवाड्यावरची आमची पोर. दोन वर्षांत वर्गात तिने आपणहून तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसलात, खिशातली छोटी डायरी आणि पेन काढून तिच्या हातात दिलंत. "मला येत नाही. तूच लिही बघू." तिने लिहिलं. मग म्हणालात, "खाली तुझं नाव घाल. उद्या कुणी विचारलं तर सांगायला पाहिजे, कोणी शिकवलं ते."

अण्णा, एवढंच. बाकी सगळं विसरले तरी हे विसरणार नाही.

त्यानंतर ती पोर थांबेचना. कुंभ्याची फुलं रात्री फुलतात, सकाळी झाडाखाली सडा पडतो, आजी बाळंतिणीसाठी वाकुंभा, म्हणजे कुंभ्याचीच फुलं, राखून ठेवते, सगळं सांगून टाकलं. रात्रीच का फुलतात, असं तुम्ही उलट विचारलंत आणि मुलांना वटवाघळांपर्यंत नेलंत. फुलावर येणारी वेगळी, किडे खाणारी वेगळी. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधल्या किडे खाणाऱ्या वटवाघळाची शास्त्रात नोंद १९१३ साली झाली आणि पुढे कितीतरी दशकं जगाला त्याचं एवढं एकच घर ठाऊक होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. याच तालुक्यात मी लहानाची मोठी झाले. आमच्या पुस्तकात जिराफ होता, पेंग्विन होता. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते एवढं पाठ करून घेतलं होतं. तिच्या काठी काय उगवतं ते कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या जुन्या झाडाखाली नुसता वाळका पाला आणि कुंभ्याखाली किती तऱ्हेची रोपटी, हे मुलांनी गुडघ्यावर बसून मोजलं. बिया गोळा केल्या. ओढ्याकडेला जांभूळ आणि करंज, वर कुंभा, हिरडा, बेहडा. शेळ्यांसाठी करवंदीच्या फांद्यांचं कुंपण. ४० रोपांपैकी ३१ जगली आहेत. एका पोराने चुकून हिरड्याचं रोप तण समजून उपटलं आणि रडायला लागला, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत, त्याच्याकडूनच ते परत लावून घेतलंत. तेही ३१ मध्ये आहे.

सीमाभागात पाटीवरच्या अक्षरांवरून माणसं एकमेकांची डोकी फोडतात, हे आपण दोघांनीही पाहिलं आहे. त्याच भागात एक म्हातारा माणूस नऊ वर्षांच्या पोरीला "मला येत नाही" म्हणतो आणि तिच्याकडून शिकतो. असा साधा चांगुलपणा जिथे मिळतो तिथे मुलं सरळ वाढतात, मास्तर काही शिकवो न शिकवो. मी स्वतः आता वर्गात "मला माहीत नाही, घरी विचारून या" असं म्हणते. मुलं आज्या-आजोबांना विचारून येतात. वहीत दोन-दोन, कधी तीन नावं असतात.

मानधन घेतलं नाहीत. चहा घेतलात, तोही बिनसाखरेचा.

यंदा रोहिण्या बरसल्या आहेत, ओढ्याकडची जांभळं पडू लागली आहेत. मुलांनी बिया धुऊन ठेवल्या आहेत आणि तुम्ही आल्याशिवाय पेरायच्या नाहीत म्हणून अडून बसली आहेत. जांभळाचं बी फार दिवस थांबत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तेव्हा या शनिवारी या, अण्णा.

तुमची,
शाळेतल्या बाई