मूकपटांना साथ हवी आहे

रसिकहो, सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरच्या तीन रविवारी वाचनालयाच्या सभागृहात आपले चित्रपट मंडळ तीन विनोदपट दाखवणार आहे : हॅरॉल्ड लॉइडचा ‘सेफ्टी लास्ट’ (१९२३), बस्टर कीटनचा ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) आणि चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ (१९३१).

मूकपट मुके असले तरी थिएटर कधीच मुके नसे. तिकडे पियानो, आपल्याकडे पेटी-तबला. बोलपट आले आणि पडद्याशेजारचे हे वादक घरी बसले. म्हणून पहिल्या दोन खेळांना आम्ही प्रत्यक्ष साथ ठेवली आहे. लॉइड घड्याळाला लोंबकळतो तेव्हा तबला थांबवायचा की वाढवायचा, यावर तालमीत अजून भांडण चालू आहे. (त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आधीच्या एका अपघातात गेली होती, हातमोजा घालून तो इमारत चढतो. हे कळल्यापासून आमचे तबलजी त्या प्रसंगाला गप्पच राहतात.)

‘सिटी लाइट्स’ला मात्र आम्ही हात लावणार नाही, त्याचे संगीत खुद्द चॅप्लिनचे आहे. बोलपटांची लाट आलेली असतानाही त्याने संवाद घातले नाहीत. उलट पहिल्याच प्रसंगात पुतळ्याच्या अनावरणाला पुढारी भाषण ठोकतात आणि ऐकू येते ती नुसती पिपाणीसारखी चिरचिर! ३० जानेवारी १९३१ ला लॉस एंजेलिसला हा चित्रपट लागला. दीडच महिन्यात, १४ मार्चला, मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ बोलू लागला.

कीटन आवाजामुळे संपला, असे सर्रास म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. आवाज चांगलाच होता. १९२८ मध्ये तो एमजीएम या बड्या स्टुडिओकडे गेला आणि प्रसंग आपल्या मनाने रचायची मोकळीक हरवून बसला. दुसऱ्या खेळानंतर यावर गप्पा होतील, वाद घालायला जरूर या.

आता मुद्द्याचे. प्रवेश विनामूल्य आहे, पण प्रोजेक्टर, पडदा आणि ध्वनियंत्रणा भाड्याने आणायची आहे, वादकांना मानधन द्यायचे आहे. शंभर रुपयांपासून कितीही देणगी चालेल. वाचनालयाच्या काउंटरवर भरा आणि पावती न विसरता घ्या. पैशांची अडचण असेल तर सतरंज्या, खुर्च्या द्या, नाहीतर खेळाच्या दिवशी दोन तास हात द्या.

व्हायोलिन वाजवणारे कोणी असेल तर फारच हवे आहे. तालीम दर शनिवारी संध्याकाळी ६ वाजता, वाचनालयाच्या गच्चीवर. नोटेशन नाही, पडद्याकडे बघत वाजवायचे आहे.

आपले नम्र,
कार्यकारिणी, चित्रपट मंडळ