मिस्त्रीकाका, घर घ्यायच्या आधी तुम्ही भेटलात

ती. मिस्त्रीकाका यांस,
सादर नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, म्हणून हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. घरी येऊन दोन शब्द बोलता आले असते, पण मला हे चार लोकांसमोर लिहायचं होतं. आपल्या दर्यापूर तालुक्यात पहिलं घर घेणारे पुष्कळ आहेत आणि घर पाहायला जाताना त्यांच्यासोबत तुमच्यासारखं कोणी नसतं. तुम्ही आम्हाला जे दाखवलंत ते त्यांच्याही कानावर पडावं.

आम्ही दोघं लग्नापासून किरायानं राहिलो. हे एसटीच्या आगारात मेकॅनिक, माझं घरबसल्या शिवणकाम. हप्ता भरता येईल एवढा पगार झाला तसं आम्ही घर पाहायला लागलो, आणि गावाबाहेरच्या लेआउटमधलं एक बांधीव घर दोघांनाही आवडलं. नवा रंग, समोर ओटा, आत टाइल्स. इसार द्यायच्या आधी एकदा तुम्हाला दाखवावं असं ह्यांच्या मनात आलं. तुम्ही एका शब्दावर, सायकलला थापी आणि ओळंबा अडकवून आलात.

ते घर कुणाचं, हे इथे लिहिण्याचं कारण नाही. तुम्ही काय केलंत तेवढं लिहिते. आत शिरल्यावर तुम्ही भिंतींकडे पाहिलंच नाही, सरळ मागच्या खोलीच्या खिडकीपाशी गेलात. चौकटीच्या कोपऱ्यातून वर तिरपी गेलेली एक बारीक रेघ होती, पुट्टी भरून रंगवलेली. "रंग काय पायतं माय, कोपरे पाय," असं म्हणून तुम्ही ती रेघ थापीच्या टोकानं उकरली. मग खाली बसून जमिनीपासून हातभर उंचीवरचा रंग खरवडलात. आतून पांढरी पूड निघाली, भिंतीत चढलेल्या खाराची. ती बोटावर घेऊन तुम्ही जिभेला लावली आणि थुंकलात. "लोना हाय. हे वरून गयत नाई, खालून चढते. किती बी रंग मारा, दोन पावसायात पुन्हा सुटते."

बाहेर आल्यावर लिंबाच्या सावलीत तुम्ही जे समजावून सांगितलंत, ते खारपाणात घर घेणाऱ्या प्रत्येकानं ऐकायला हवं. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला हा पूर्णेच्या खोऱ्याचा पट्टा. इथलं भूजल खारं आणि काळी माती फार खोल. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती घराखालीही असते. पाया वरवरचा असला की घर दरवर्षी थोडं वर उचललं जातं, थोडं खाली बसतं, आणि चिरा आधी खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून निघतात. दुसरीकडे काळी माती काढून खालच्या मुरमापर्यंत पाया नेता येतो. आपल्याकडे तो मुरूम लागतच नाही, बाहेरून ट्रॅक्टरनं आणून भरावा लागतो, आणि वर चारी बाजूंनी लोखंड घातलेला प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या उंचीवरचा काँक्रीटचा पट्टा, फिरवावा लागतो. त्यात कोणी बोअरच्या खाऱ्या पाण्यानं काँक्रीट कालवलं, तर आतलं लोखंड गंजतं, गंजून फुगतं आणि स्लॅबचे पोपडे खाली पडायला लागतात. म्हणून तुम्ही शेजारच्या बाईंना घराची किंमत विचारली नाहीत. बांधकामाला पाणी कुठलं वापरलं, तेवढं विचारलंत. बोअरचं, असं त्या म्हणाल्या, आणि तुम्ही सायकल काढली.

पुढे आम्ही घेतलेल्या घराच्या मालकांकडे बांधकामाच्या वेळचे फोटो होते. घराच्या पायात भरलेला मुरूम, बीमचं लोखंड, पाण्याचे टँकर, सगळं त्यात दिसत होतं. तरीही तुम्ही गच्चीवर बादल्याच्या बादल्या पाणी ओतायला लावलंत आणि ते कुठे साचतं ते पाहत उभे राहिलात. संडासाच्या शोषखड्ड्याचं झाकणही उघडायला लावलंत. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही, खड्डा भरला की उपसावा लागतो आणि त्याला पैसे पडतात, हे आमच्या दोघांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कागदांच्या बाबतीत तुम्ही स्पष्ट होतात. "भित मले समजते, कागद वकिलाले समजते." तुमच्या सांगण्यावरून वकिलांकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे त्या जागेच्या जुन्या व्यवहारांचा शोध, काढला. अकृषिक आदेश आणि लेआउटची मंजुरी पाहिली. सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा जुना बोजा दिसला. कर्ज कधीचंच फिटलं होतं, पण नोंद कमी केलेली नव्हती. मालकांनी ती फेरफार करून कमी करून दिली, मगच खरेदीखत झालं. ग्रामपंचायतीचा नमुना 8 कर आकारणीसाठी असतो, तेवढ्या कागदावर कोणी मालक होत नाही, हेही वकिलांनी तेव्हाच बजावलं. आमच्याकडे कितीतरी जण अजून त्याच एका कागदावर विसंबून पैसे देतात, ते पाहून जीव घाबरतो.

पण काका, आभार मानायचे ते सर्वात जास्त तुमच्या वहीतल्या हिशोबासाठी. घर साडेअकरा लाखांचं, आमच्याजवळचे साडेतीन आणि बँकेचे आठ, असं आम्ही जुळवलं होतं. तुम्ही म्हणालात, सव्वाबारा धरून चाला. मुद्रांक शुल्क, 1 टक्का नोंदणी फी, वकील, बँकेची फी, मीटर नावावर करणं, सामान हलवणं, हे सगळं घराच्या किमतीच्या वरचं. बायकांच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे, ती 2021 पासून मिळते, हे तुम्हाला दुसऱ्या एका घराच्या कामावर कळलं होतं. घर माझ्या नावावर झालं आणि साडेअकरा हजार वाचले. माझ्या माहेरी किंवा सासरी बाईच्या नावावर घर असण्याची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात अंगठा लावताना मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

हप्ता निघाला 8,114 रुपये, 9 टक्क्यांनी 15 वर्षं. तेव्हा आम्ही साडेतीन हजार किराया देत होतो. तुम्ही वहीत हप्त्याखाली आणखी दोन आकडे लिहिलेत: घरपट्टी-पाणीपट्टीचे महिना 300 आणि दुरुस्तीचे 1,000. दुरुस्तीला वर्षाला घराच्या किमतीचा शंभरावा हिस्सा धरायचा, हा तुमचा हिशोब. "घराले बी दर महिन्याले खायाले लागते." किराया वजा केला तर फरक सहा हजारांच्या जवळ येत होता. मग तुम्ही म्हणालात की घर घ्यायच्या आधी हे सहा हजार दर महिन्याला आरडीत टाकून दाखवा. "जून महिन्यात जमते काय ते पाय, मंग बोल."

जूनच का, ते जून आल्यावर कळलं. सासरच्या वावरात बियाणं आणि खत, पोरांची वह्या-पुस्तकं, शाळेचे कपडे, सगळं एकाच महिन्यात आलं, आणि शिवणाला गिऱ्हाईक त्याच महिन्यात कमी. आरडी भरली, पण घरात तेल मोजून वापरलं आणि एका लग्नाला गेलो नाही. त्यातून समजलं की जूनच्या हप्त्यासाठी आम्हाला मार्चपासूनच बाजूला काढावं लागेल. आता तसंच करतो. आरडीचे पैसे खरेदीच्या वरच्या खर्चाला कामी आले, कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

पहिल्या हप्त्यातले 6,000 व्याजाचे आणि मुद्दल फक्त 2,114, हे बँकेच्या तक्त्यात पाहून ह्यांचा चेहरा उतरला होता. 15 वर्षांत एकूण साडेचौदा लाखांवर रक्कम जाते. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जात आधी पैसे भरले तरी दंड नाही, हे बँकेतल्या मॅडमनी सांगितलं, तेव्हापासून कापसाचे पैसे आले की थोडे मुद्दलात भरायचे असं ठरलंय. ग्रामपंचायतीचा कर सप्टेंबर संपायच्या आत भरला की 5 टक्के सूट मिळते, तीही आम्ही सोडत नाही.

दुरुस्तीचं खातं वेगळं आहे, त्याला कोणी हात लावत नाही. त्यातूनच मोटारीचं रिवाइंडिंग झालं आणि खाऱ्या पाण्यानं खाल्लेल्या तोट्या बदलल्या. प्यायला शहानूर धरणाच्या योजनेचं पाणी येतं, त्याच्यासाठी वेगळी टाकी बसवली. घराच्या चारी बाजूंनी तुम्ही सांगितलेला काँक्रीटचा पट्टा करून घेतला, पावसाचं पाणी पायाशी थांबत नाही. भिंतीजवळ लावायला आणलेली लिंबाची रोपं, मुळं पायाशी नकोत म्हणून, वावराच्या धुऱ्यावर नेऊन लावली.

त्या कामाचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. आम्ही पाकीट दिलं तर तुम्ही ते नातीच्या हातात दिलंत आणि तिनं ते आमच्या पोरीच्या दप्तरात ठेवलं. हे मी विसरणार नाही. भर उन्हात सायकलवरून येऊन, दुसऱ्याच्या घराची चव जिभेवर घेऊन, आमचे आयुष्यभराचे पैसे तुम्ही राखलेत.

दिवाळीत काकूंना घेऊन जेवायला या. गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात यंदा थोडं पाणी साचलं, उतार बिघडला असावा. तुम्ही पाहून सांगा. मजुरी या वेळी घ्यावीच लागेल, त्याचे पैसे खात्यात जमा आहेत.

तुमची,
शिवणवाली पोर
ता. दर्यापूर, जि. अमरावती